पुन्हा मलावीला जाताना: स्थानिक पाळकांच्या शिक्षणवर्गाची आखणी

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, पाठवलेलं मिशनरी जोडपं आफ्रिकेतल्या मध्य मलावीत, देद्झा जिल्ह्यात, काही वर्षं सेवा करून परतलं. आता पाच वर्षांनी तिथल्या पाळकांना आणि वडिलांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, शिकवण्यासाठी त्यांना तीन आठवड्यांकरता पुन्हा पाठवायचं चाललं आहे. आखणी कशी करावी, काय आणि किती शिकवावं, पैशांचं कसं करावं, आणि अशा भेटी कुठे फसतात?

फसण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे कोणी ओळखत नाही, ही त्याची अडचण असते. परत जाणाऱ्याची अडचण उलटी: त्याला सगळे ओळखतात. जुनी माया, जुनी भांडणं आणि अर्धवट राहिलेली आश्वासनं, तिन्ही त्याची वाट पाहत असतात. शाळेची फी, छपराचे पत्रे, दोन वडिलांमधला जमिनीचा वाद, सगळं सध्याच्या पाळकाला वळसा घालून पाहुण्याकडे येतं. पाहुण्याला ते सुखावह वाटतं आणि तो नकळत पुन्हा ‘आपले पाळक’ होऊन बसतो. एकविसाव्या दिवशी तो विमानात बसतो. मागे जो खरा पाळक उरतो त्याचा शब्द मात्र हलका झालेला असतो.

त्यामुळे या भेटीत निम्म्याहून जास्त तास तिथल्याच माणसांनी शिकवायचे, हे निघण्याआधी पत्रातून ठरवून घ्या. मागच्या वर्गांना बसलेल्यांपैकी चार-पाच जण निवडायला तिथल्या प्रेसबिटरीला, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या पाळक-वडिलांच्या सभेला, सांगा. निवड त्यांचीच असू द्या. जुन्या ओळखीतली नावं आपल्याकडून सुचवू नका, कारण पाच वर्षांत कोण उभं राहिलं आणि कोण घसरलं ते पुण्यातून दिसत नाही.

त्या भागातली बहुतेक प्रेसबिटेरियन मंडळी न्खोमा सिनडमध्ये, म्हणजे प्रेसबिटरींच्या वरच्या सभेत, येते. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८८९ मध्ये सुरू केलेल्या कामातून ती उभी राहिली. स्कॉटिश मिशनांच्या लिव्हिंगस्टोनिया आणि ब्लँटायर या प्रेसबिटरींनी १९२४ मध्ये एकत्र येऊन सीसीएपी (चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेसबिटेरियन) हे चर्च स्थापलं, त्यात न्खोमा १९२६ साली सामील झाली. हे सांगण्याचं कारण एवढंच की ज्या मंडळीला शिकवायला जायचं आहे तिला शंभरहून जास्त वर्षांची शिस्त, नियमपुस्तक आणि बदल्यांची पद्धत आहे. पाच वर्षांपूर्वीचे पाळक आज बहुधा दुसऱ्याच ठिकाणी असतील. निमंत्रण सिनडच्या किंवा प्रेसबिटरीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह यायला हवं. मित्राच्या व्हॉट्सॲप संदेशावर तिकीट काढू नका. व्हिसासाठीही हेच पत्र लागतं, आणि त्यात ‘शिकवणे’ हा हेतू स्पष्ट लिहिलेला असावा.

काळ कोणता निवडावा

मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. डिसेंबर ते फेब्रुवारी हे उपासमारीचे महिने: गेल्या हंगामाचा मका संपलेला, नवा अजून शेतात. त्या दिवसांत वर्ग ठेवला तर पाळक येतील, पण घरी बायकोमुलांना काय मिळतंय या काळजीत बसतील. शिवाय गावातले रस्ते चिखलाने बंद. एप्रिल-मे कापणीचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन कडक आणि पेरणीपूर्व तयारी. उरतात जून, जुलै आणि ऑगस्ट. कोठारात मका असतो, रस्ते सुके असतात. देद्झा सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा जून-जुलैत रात्री चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे भरून जाणारे तिथे कुडकुडतात. जाड स्वेटर न्या, आणि वर्गाच्या ठिकाणी चटयांवर झोपणाऱ्यांसाठी ब्लँकेटचा हिशेबही धरा. ६ जुलै हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी वर्ग नको.

सुगी कशी झाली आहे ते मात्र विचारूनच तारीख पक्की करा. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीची वाताहत केली. पुढच्याच वर्षी दुष्काळामुळे २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. अशा वर्षी जुलैतसुद्धा कोठार रिकामं असू शकतं आणि वर्गाच्या जेवणाचा सगळा हिशेब बदलतो.

तीन आठवड्यांची मांडणी

पहिला आठवडा वर्गाचा नाही. तीन दिवस भेटीगाठी आणि तीन दिवस स्थानिक शिक्षकांबरोबर तयारी. दुसऱ्या आठवड्यात पहिला वर्ग, ज्यात पाहुणा आणि स्थानिक शिक्षक अर्धे-अर्धे तास घेतात. तिसऱ्या आठवड्यात तोच वर्ग दुसऱ्या ठिकाणी, नव्या तीस जणांसाठी. यात जवळजवळ सगळं स्थानिक शिक्षक घेतात आणि पाहुणा मागच्या बाकावर वही घेऊन बसतो. शेवटचे दोन दिवस हिशेब आणि पुढच्या कामाच्या बैठकीसाठी. पाठवणाऱ्या मंडळीला तिसऱ्या आठवड्याचे फोटो थोडे फिके वाटतील, कारण त्यात आपला माणूस फळ्यापाशी दिसणार नाही. खरं काम त्याच आठवड्यात होतं, हे मंडळीच्या कमिटीला आधीच समजावून सांगा.

भेटीगाठींचा क्रम चुकवू नका. आधी प्रेसबिटरीचं कार्यालय, मग त्या ठिकाणचे सध्याचे पाळक, मग गावप्रमुख. प्रमुखाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत; दोन किलो साखर आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या पुरेत. सोबत सध्याचे पाळक हवेतच आणि बोलायला सुरुवात त्यांनी करायची. अंगणात शिरताना ‘ओडी’ म्हणून हाक द्यायची आणि आतून उत्तर आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर ज्या घरांत गेल्या पाच वर्षांत मृत्यू झाले त्या घरांना भेटी. मलावीत अंत्यविधीला, म्हणजे ‘मालिरो’ला, हजर राहणं हे नात्याचं सर्वांत मोठं माप आहे. दूर असल्याने जाता आलं नाही हे लोक समजून घेतात, पण परत आल्यावरही गेलो नाही तर विसरत नाहीत. उशिरा का होईना, जाऊन बसायचं, ‘पेपानी’, म्हणजे ‘वाईट वाटलं’, म्हणायचं, प्रार्थना करायची. मृतांची यादी आधीच फोनवर मागवा. गेलेल्या माणसाच्या बायकोला ‘तुमचे यजमान कसे आहेत’ असं विचारण्याची वेळ येऊ नये.

मराठी माणसाला तिथे एक वेगळी ओळख चिकटते. गोऱ्यांना ‘अझुंगु’ म्हणतात, भारतीयांना ‘अम्वेन्ये’. शहरांत भारतीय म्हणजे दुकानदार, घाऊक व्यापारी, बहुतेक मुळचे गुजराती, अशी पक्की समजूत आहे. नव्या ठिकाणच्या तीस जणांना भारतीय पाळक ही गोष्टच अपरिचित वाटेल. हा माणूस हिंदू की मुसलमान, असा प्रश्न मनात असेल आणि पैशांबद्दलच्या अपेक्षाही दुकानदाराकडून असतात तशाच असतील. पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटांत आपल्याकडच्या मंडळीची ओळख करून द्यावी: केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनातून केलेली ख्रिस्ती सेवा. टिळकांचं उदाहरण पुढे वर्गातही उपयोगी पडतं. परक्या चालींची भाषांतरित गीतं पुरेशी नाहीत, असं वाटणारे लोक दुसऱ्याही देशात होते, हे ऐकून तिथल्या चिचेवा भाषेत गीतं रचणाऱ्यांना हुरूप येतो.

दिवसाचा आणि आठवड्याचा हिशेब

वर्ग मंगळवारी सकाळी सुरू करून शुक्रवारी जेवणाला संपवा. सोमवार येण्याचा. शनिवारी पाळकांना घरी पोहोचून रविवारच्या उपासनेची तयारी करायची असते. एकेका पाळकाकडे अनेक प्रार्थनास्थळं असतात, काही सायकलवरून गाठायची. रविवारपर्यंत वर्ग ओढला तर डझनभर मंडळ्या पाळकाविना राहतात.

सकाळी आठ ते साडेबारा आणि दुपारी दोन ते चार. रात्री काही नको. वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि रात्री चुलीभोवती जी चर्चा होते ती वर्गाइतकीच मोलाची असते. एका तासात अनुवादासह फार तर पंचवीस मिनिटांचा मजकूर बसतो. पुण्यात चाळीस मिनिटांत होणारा पाठ तिथे दीड तास घेतो. त्यामुळे दिवसाला तीनच मुख्य सत्रं धरा आणि आठवड्यात अर्धा दिवस मोकळा सोडा. त्या चार दिवसांत आसपास कुठेतरी मृत्यू होतोच आणि निम्मा वर्ग उठून जातो. ते अडवायचं नाही. मोकळा अर्धा दिवस त्यासाठीच असतो. गरज पडली नाही तर सरावाला वापरा.

तीस हा आकडा वरचा धरा. सहा जणांचे पाच गट होतात आणि प्रत्येकाला एकदा तरी उभं राहून बोलता येतं. त्यांत स्त्रियांच्या संघटनेच्या, म्हणजे ‘चिग्विरिझानो’च्या, पुढारी किमान आठ हव्यात. गावातल्या मंडळीत आजाऱ्याला भेटणं, शोक करणाऱ्यांजवळ बसणं आणि मुलींना शिकवणं हे त्याच करतात. त्यांची तान्ही मुलं सोबत येणार, हे धरून शेजारी एक खोली आणि मुलं सांभाळणाऱ्या दोघींची सोय ठेवा. ही सोय नसली की पहिल्याच दिवशी बायका मागे दाराशी बसतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

प्रोजेक्टर नेऊ नका. वीज गेली की पहिला तास तो चालू करण्यात जातो, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे स्थानिक शिक्षकाला तो पाठ पुढे कधीच तसा घेता येत नाही. काळं कापड दोन मीटर, खडूच्या दोन पेट्या, मोठे कागद आणि जाड मार्कर एवढं पुरतं. जे साधन तिथल्या बाजारात मिळत नाही ते वर्गात वापरायचं नाही, हा नियम पाळला तर पाठ मागे टिकतात. फोन चार्ज करण्यासाठी मात्र तिथले चौकोनी तीन पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे अडॅप्टर न्या; आपल्याकडचे गोल पिनांचे प्लग बसत नाहीत.

दुभाषा

वर्ग बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण इथे आहे. सेमिनरीत शिकलेल्या पाळकांना इंग्रजी येतं, गावातल्या वडिलांना नाही. परत जाणाऱ्याची चिचेवा पाच वर्षांत गंजलेली असते. अभिवादन, प्रार्थना आणि गोष्ट सांगणं स्वतः चिचेवात करावं. शिकवण्याचा गाभा दुभाष्यामार्फत.

मराठी शिक्षकाच्या बाबतीत साखळी तिहेरी होते. विचार मराठीत, बोलणं इंग्रजीत, ऐकणं चिचेवात. प्रत्येक सांध्यावर थोडं सांडतं. ‘मंडळीला खतपाणी घातलं पाहिजे’ हे आपल्याला साधं वाक्य. तिथे खत म्हणजे सरकारी अनुदानाची, निवडणुकीत गाजणारी वस्तू. दुभाष्याने शब्दशः सांगितलं तर वर्ग राजकारणाकडे वळतो. म्हणून टिपणं तयार करतानाच मराठी म्हणी-वाक्प्रचार काढून टाका आणि वाक्य दहा-बारा शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. एक पूर्ण वाक्य बोला आणि थांबा. अर्ध्या वाक्यावर थांबलात तर दुभाषा उरलेलं आपल्या मनाने पूर्ण करतो.

दुभाष्याला टिपणं निदान एक दिवस आधी द्या आणि त्याच्याबरोबर वीसेक शब्दांची यादी बसून पक्की करा. कृपेला ‘चिसोमो’, विश्वासाला ‘चिखुलुपिरिरो’, पश्चात्ताप करण्याला ‘कुलापा’: हे सरळ आहेत. अवघड शब्द ‘म्झिमु’. पवित्र आत्मा म्हणजे ‘म्झिमु वोयेरा’, पण त्याच शब्दाचं अनेकवचन ‘मिझिमु’ पूर्वजांच्या आत्म्यांना वापरतात. शिक्षक इंग्रजीत नुसतं ‘स्पिरिट’ म्हणाला तर ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या मनात वाडवडील उभे राहतात. ‘आत्म्याने चाला’ हे वाक्य त्यांना कसं ऐकू येईल, याचा विचार करा. प्रत्येक वेळी पूर्ण ‘म्झिमु वोयेरा’ म्हणायचं, हे दुभाष्याशी आधीच ठरवून ठेवा.

वर्गात बायबलच्या दोन आवृत्त्या असतात: १९२२ ची ‘बुकु लोपातुलिका’ आणि १९९८ ची ‘बुकु लोयेरा’. जुने लोक पहिली सोडत नाहीत, तरुणांना दुसरी कळते. वाचन दोन्हींतून करा. शब्द वेगळे निघाले की वाद मिटवायला धावू नका. ‘इथे दोघांनी वेगळा शब्द का घेतला असेल’ हा प्रश्न म्हणजे वर्गाची सर्वांत चांगली पंधरा मिनिटं. दर दोन तासांनी दुभाषा बदला, म्हणजे दोघं तरी हवेत. आणि एकाला तरी स्पष्ट सांगून ठेवा की चूक ऐकू आली तर तिथल्या तिथे बोल. वयाने मोठ्या पाहुण्याला चारचौघांत दुरुस्त करणं तिथे असभ्य मानतात; परवानगी दिल्याशिवाय कोणी करणार नाही.

चार दिवस, एकच पुस्तक

दहा विषय नेऊ नका. पवित्र शास्त्रातलं एक छोटं पुस्तक घ्या आणि ते कसं वाचायचं, कसं शिकवायचं, त्यातून संदेश कसा बांधायचा हे चार दिवस करा. या भागासाठी रूथचं पुस्तक घेण्याचा आग्रह धरतो. चार अध्याय, ८५ वचनं, दिवसाला एक अध्याय. शिवाय त्यात दुष्काळ आहे, पोटासाठी परदेशी जाणं आहे, विधवा आहेत, शेतात वेचणाऱ्या गरीब बायका आहेत आणि वेशीवर बसलेली पंचमंडळी आहे. गावप्रमुखाचं ‘ब्वालो’, म्हणजे निवाड्याची बैठक, रोज पाहणाऱ्याला बेथलेहेमची वेस समजावून सांगावी लागत नाही. उलट पाहुण्यालाच त्यांच्याकडून शिकायला मिळतं.

प्रत्येक अध्यायाची रीत एकच ठेवा. अध्याय मोठ्याने तीनदा वाचायचा, तीन वेगळ्या आवाजांत. मग पुस्तक मिटून एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी राहिलेलं भरायचं. ही पायरी वेळखाऊ म्हणून गाळतात आणि तिथेच चुकतात. ज्या मंडळीत निम्म्यांजवळ बायबल नाही तिथे पाळकाला गोष्ट तोंडपाठ सांगता येणं हेच हत्यार आहे. मग गटांत चार प्रश्न: इथे काय घडलं, देव इथे कसा दिसतो, माणसं कुठे चुकली किंवा खरी ठरली, आमच्या ‘म्पिंगो’त, म्हणजे मंडळीत, हे कुठे दिसतं. गटाचं उत्तर प्रत्येक वेळी नव्या माणसाने मांडायचं. दुपारी दहा मिनिटांचे संदेश, दिवसाला सहा ते आठ. संदेशानंतर आधी देणाऱ्याने स्वतः सांगायचं की काय जमलं, मग सोबत्यांनी, सर्वांत शेवटी शिक्षकाने. हा क्रम उलटला की शिक्षकाचं मत ऐकून बाकीचे गप्प बसतात.

चौथ्या अध्यायाला जास्त वेळ ठेवा. बवाज मृताच्या नात्यातला म्हणून रूथला आणि वतनाला सोडवून घेतो, हे वाचल्यावर कोणीतरी ‘चोकोलो’चा विषय काढणारच. चोकोलो म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवा त्याच्या नातेवाइकाकडे जाण्याची प्रथा. कोणी म्हणेल, शास्त्रातच आहे की! इथे शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये. वर्गाला मजकुराकडे परत पाठवा: तिसऱ्या अध्यायात पुढाकार कोणाचा? बवाज ते काम अंधारात उरकतो, की दहा वडिलांना साक्षी बसवून? जवळच्या आप्ताने माघार का घेतली? रूथच्या सासूच्या, नामीच्या, वाट्याला शेवटी काय आलं? विधवेच्या संमतीने आणि तिच्या रक्षणासाठी उघडपणे केलेली गोष्ट आणि तिची भांडी, मका, छपराचे पत्रे उचलून नेणारे दीर, यातला फरक ते स्वतः मांडतात. मलावीत २०११ च्या वारसाहक्काच्या कायद्याने विधवेची मालमत्ता बळकावणं गुन्हा ठरवलं आहे. पाळकाला हे माहीत असलं तर अंत्यविधीच्या दिवशीच तो घरातल्या मोठ्यांशी बोलू शकतो, आणि ती वेळ गेली की फार उशीर होतो.

कुटुंबावर बोलताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. त्या भागातला चेवा समाज मातृवंशीय आहे. जुन्या पद्धतीत नवरा बायकोच्या गावी राहायला जातो, जमीन तिच्या घराण्याची असते आणि मुलांबाबत मामाचा, ‘मालुमे’चा, शब्द मोठा असतो. लग्नात दोन्हीकडचे ‘न्खोस्वे’, म्हणजे लग्नाची हमी घेणारे नातेवाईक, जबाबदार धरले जातात. ‘वडील घराचा मस्तक’ असा पाठ पुण्यातल्यासारखा घेतला तर ऐकणारे माना डोलावतात आणि घरी गेल्यावर मामालाच विचारतात. मामाचं वजन मराठी माणसाला समजायला कठीण नाही. तिथे ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे एवढंच. तेव्हा मामांनाच उद्देशून एक सत्र घ्या.

चेटकाचा प्रश्नही येणार, आणि तो टाळणं हा भेकडपणा ठरेल. आजार किंवा मृत्यू झाला की म्हाताऱ्या बाईवर ‘उफिती’चा, म्हणजे चेटकाचा, आळ येतो; कधी जमाव जिवावर उठतो. १९११ च्या कायद्यानुसार असा आळ घेणं हाच गुन्हा आहे. ‘चेटूक असतं की नसतं’ या वादात पाहुण्याने शिरू नये. तो वाद चार दिवसांत मिटत नाही, आणि तेवढ्यात म्हातारीचा जीव जातो. पाळकाने काय करायचं ते शिकवा: आळ ऐकताच त्याच दिवशी त्या घरी जाऊन बसायचं, दोन वडिलांना सोबत न्यायचं, प्रमुखाला कळवायचं, गरज पडली तर पोलिसांना, आणि रविवारी त्या बाईला मंडळीत आपल्या शेजारी बसवायचं. पाळक तिच्या शेजारी बसलेला दिसला की गावाला कळतं, मंडळी कोणाच्या बाजूने उभी आहे.

पैसे देऊन आशीर्वाद मिळवून देणाऱ्या शहरी ‘संदेष्ट्यां’बद्दल विचारतील. नावं घेऊन टीका करू नका. २ राजे ५ वाचा: नामान बरा होतो, अलीशा भेट नाकारतो, गेहजी मागे धावत जाऊन चांदी घेतो. बाकीचं वर्ग स्वतः बोलतो. बहुपत्नीत्व, दीक्षाविधी, प्रभुभोजनाची शिस्त यांवर सिनडचे नियम आहेत. ‘तुमचा सिनड काय सांगतो’ एवढंच विचारा. पाहुण्याचं मत पुढे वर्षभर कोणाविरुद्ध तरी वापरलं जातं.

पैसे

मलावीत प्रशिक्षणाला आलं की भत्ता मिळतो, ही सवय संस्था आणि सरकारी प्रकल्पांनी लावली आहे. मंडळीच्या वर्गाने भत्ता सुरू केला तर पुढचा वर्ग स्थानिक लोक स्वतःच्या बळावर कधीच घेऊ शकणार नाहीत. म्हणून बसण्याचा भत्ता नाही. प्रवासाचं प्रत्यक्ष मिनीबसचं भाडं परत द्यावं, जेवण आणि झोपण्याची सोय मोफत, आणि प्रत्येकाने आपल्या मंडळीकडून दोन किलो मका किंवा एक किलो घेवडा आणावा. हे सगळं निमंत्रण पत्रातच लिहा. शेवटच्या दिवशी जाहीर केलं तर फसवल्यासारखं होतं, आणि ते रास्तच आहे.

जेवणाचा अंदाज असा धरा. तीस शिकणारे आणि स्वयंपाकी, मुलं सांभाळणाऱ्या धरून छत्तीस तोंडं. सकाळी मक्याची पेज, दोन वेळा ‘न्सिमा’, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत कालवण. माणशी दिवसाला साडेचारशे ते पाचशे ग्रॅम पीठ. चार दिवसांना सुमारे ७० किलो, म्हणजे ५० किलोचं एक पोतं आणि वर २० किलो. घेवडा एक वेळचा १५ किलो, साखर ६ किलो, शेवटच्या दिवशी नऊ-दहा कोंबड्या, आणि रोज पालेभाजी. पीठ आठवडाभर आधी दळून घ्या. गिरणीही बऱ्याचदा विजेवर असते. पाणी आणि लाकूडफाटा मोजायला लोक हमखास विसरतात. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मोबदला द्या. फुकट राबवून घेऊन सेवेचं नाव देणं बरोबर नाही.

क्वाचाची, म्हणजे मलावीच्या चलनाची, किंमत झपाट्याने बदलते. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत ४४ टक्के अवमूल्यन झालं. सहा महिन्यांपूर्वी क्वाचात केलेलं अंदाजपत्रक निघण्याच्या आठवड्यात पुन्हा करा आणि पंधरा टक्के वर ठेवा. रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. नव्या, न मळलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि बँकेतच बदला. रस्त्यावर दर जास्त मिळतो म्हणून मोह होतो, पण तो व्यवहार बेकायदा आहे आणि पकडला गेला तर यजमान मंडळीचं नाव जातं. खर्च स्थानिक तिघांच्या समितीच्या हातून व्हावा, त्यात एक स्त्री असावी, आणि हिशेब शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचावा. लहान रकमा एअरटेल मनी किंवा म्पाम्बा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवांतून दिल्या की नोंद आपोआप राहते.

भारताकडच्या बाजूचं एक. मंडळीचा ट्रस्ट असेल तर ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च केल्यास आयकरातली सूट सहसा मिळत नाही. त्यासाठी आधी मंजुरी लागते. तिकीट काढण्याआधी सीएला विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

वैयक्तिक मागण्यांसाठी ठरलेलं एकच उत्तर ठेवा: ‘हे मी तुमच्या पाळकांना आणि समितीला सांगेन.’ आणि खरोखर सांगा. कोणालाही गुपचूप पैसे दिले की संध्याकाळपर्यंत गावभर होतं आणि दुसऱ्या दिवशी दाराशी रांग लागते. जुन्या आश्वासनांची यादी पुण्यातच प्रामाणिकपणे करा. जे पाळायचं आहे ते या भेटीत पाळा. जे जमणार नाही त्याबद्दल त्या माणसासमोर बसून माफी मागा.

तब्येत

मलेरिया वर्षभर असतो आणि तो घातक प्रकारचा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. पूर्वी राहिलो होतो म्हणून प्रतिकारशक्ती आहे, हा परत जाणाऱ्यांचा आवडता गैरसमज. ती कधीच ओसरलेली असते. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि आफ्रिकेतून आल्याचं डॉक्टरांना सांगा. मलावी सरोवरात पोहू नका, बिल्हार्झिया या रोगाचे जंतू असतात. प्रवास बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे होतो. इथिओपिया आणि केनिया दोन्ही पीतज्वराच्या यादीत आहेत, म्हणून लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं पुस्तक, जाता-येता जवळ ठेवा.

निघाल्यानंतर

शेवटच्या शुक्रवारी प्रत्येकाने एका कागदावर लिहायचं: पुढच्या तीन महिन्यांत रूथचा कोणता अध्याय, कुठल्या प्रार्थनास्थळी, कोणत्या दोघांना शिकवणार. एक प्रत त्याच्याकडे, एक प्रेसबिटरीच्या समन्वयकाकडे. पुण्याकडे नको. प्रमाणपत्र द्या, पण त्यावर ‘चार दिवसांचा रूथ अभ्यासवर्ग’ एवढंच असावं, सिनडच्या शिक्क्यासह. मोठ्या नावाची पदविका छापली तर जो झोम्बा किंवा न्खोमाच्या सेमिनरीत वर्षानुवर्षं शिकला त्याचा अपमान होतो. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांना मलावीतच चालणाऱ्या विस्तार-शिक्षणाच्या अभ्यासक्रमाकडे पाठवा. घर आणि शेत न सोडता शिकण्याची ही पद्धत १९६३ मध्ये ग्वाटेमालात सुरू झाली ती अशाच पाळकांसाठी.

तीन महिन्यांनी समन्वयक आठ-दहा ठिकाणी जाऊन पाहील, सहा महिन्यांनी पुन्हा. त्याचा प्रवासखर्च तेवढा अंदाजपत्रकात आधीच वेगळा काढून ठेवा. व्हॉट्सॲपचा गट करायचा तर त्याचा प्रमुख स्थानिक शिक्षकच हवा. पुण्याहून महिन्याला एक आवाजी संदेश, तोही त्यांनी विचारलेल्या प्रश्नावर. आणि पुढची भेट कधी, हे निरोपाच्या उपासनेत जाहीर करू नका. सहा महिन्यांचा अहवाल आल्यावर, आणि त्यांनी कोणत्या विषयासाठी बोलावलं आहे हे पत्रात लिहून आल्यावरच ती तारीख ठरवा.